जुनी राजकीय व्यंगचित्रं घराच्या भिंतीवर: निवडीपासून खिळ्यापर्यंत

व्यंगचित्र हे बघायचं कमी आणि वाचायचं जास्त. निसर्गचित्र सोफ्याच्या वर छताजवळ टांगलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. व्यंगचित्र तिथे गेलं की खालची ओळ दिसत नाही, चेहरे ओळखू येत नाहीत आणि महिन्याभरात घरच्यांचंही त्याच्याकडे लक्ष जाणं थांबतं. म्हणून आकार किती, उंची किती, काच कुठली, चौकट किती जाड हे सगळं एकाच प्रश्नावरून ठरवायचं: समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला ते वाचता येईल का?

हा लेख इंग्रज अमदानीतल्या, भारताशी संबंध असलेल्या राजकीय चित्रांपुरता ठेवला आहे. त्यातली बहुतेक आता हक्कमुक्त आहेत आणि त्यांच्या उत्तम प्रती फुकट मिळतात. शिवाय त्यातले प्रसंग आपण शाळेपासून ऐकलेले असतात, फक्त लंडनच्या टेबलावरून ते कसे दिसत होते हे पाहिलेलं नसतं. स्वातंत्र्यानंतरच्या चित्रांची गोष्ट हक्कांच्या बाबतीत वेगळी आहे, तीही पुढे येईल.

पहिली पायरी: चित्र कुणाच्या बाजूचं आहे ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीची कामं फ्रेमवाला करून देईल, हे काम तुमचंच आहे.

'पंच' या लंडनच्या साप्ताहिकात जॉन टेनियलने २२ ऑगस्ट १८५७ च्या अंकात काढलेलं चित्र जगभर छापलं जातं. ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेपावतो आहे, वाघाच्या पंजाखाली इंग्रज बाई आणि मूल. रेषा अप्रतिम, रचना अशी की नजर हटत नाही. पण हे चित्र सूड मागणारं आहे. १२ सप्टेंबरच्या अंकात त्याच चित्रकाराची न्यायदेवता हातात तलवार घेऊन शिपायांना कापत निघाली आहे, आणि मागे भारतीय बायका-मुलं आक्रोश करताहेत. नुसतं 'व्हिंटेज' म्हणून हे दिवाणखान्यात लावणं मला विचित्र वाटतं. कानपूर-दिल्लीच्या बातम्यांनी लंडनचं डोकं किती फिरलं होतं याचा पुरावा म्हणून, शेजारी चार ओळींचं टिपण ठेवून लावलंत, तर त्याच्याइतकं बोलकं चित्र दुसरं नाही.

टेनियलचंच १५ एप्रिल १८७६ चं चित्र मात्र कुठल्याही घरात खपेल. पंतप्रधान डिझरायली अल्लाउद्दिनाच्या गोष्टीतल्या फेरीवाल्यासारखा उभा आहे आणि राणी व्हिक्टोरियाला जुन्या मुकुटाच्या बदल्यात नवा, हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा मुकुट देऊ करतो आहे. त्या वर्षी राणीला ही पदवी देणारा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला. इंग्रजांनीच इंग्रजांची उडवलेली थट्टा असल्यामुळे पाहुण्यांपुढे खुलासे करत बसावं लागत नाही.

मराठी घरासाठी माझी पहिली शिफारस मात्र इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या १७९१ च्या एका रंगीत छापचित्राची. विषय आहे टिपू सुलतानाच्या राजधानीतून, श्रीरंगपट्टणहून, गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने घेतलेली माघार. त्या वर्षीच्या मे महिन्यात पाऊस, बैलांचा तुटवडा आणि उपासमार यांनी इंग्रज फौज हैराण झाली, वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून मागे फिरली, आणि मग वाटेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजाराने त्या उपाशी फौजेला धान्य दिलं. गिलरेच्या चित्रात मराठे नाहीत. तिथे तटावर उभा असलेला टिपू खाली पळ काढणाऱ्या इंग्रजांवर चक्क मुततो आहे. शीर्षकात म्हणूनच 'मान्सून' आहे. चित्र दिवाणखान्यात लावायचं की अभ्यासिकेत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा.

भारतीय हातांनी काढलेली चित्रंही हवीतच, नाहीतर भिंत फक्त राज्यकर्त्यांच्या नजरेची होते. मुंबईच्या 'हिंदी पंच'ची चित्रं इथे उपयोगी पडतात. हे नियतकालिक आधीच्या 'पारसी पंच'मधून आलं, संपादक बरजोरजी नवरोजी, आणि चित्राखालचा मजकूर इंग्रजी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत. काँग्रेसची सुरुवातीची वर्षं, सरकारी कर, लॉर्ड कर्झन असे विषय त्यात भरपूर आहेत, आणि काँग्रेसवरच्या चित्रांचा वेगळा संग्रहही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत निघाला होता. दुसरं नाव गगनेंद्रनाथ टागोरांचं. १९१७ च्या आसपास 'अद्भुत लोक' आणि 'विरूप वज्र', मग १९२१ मध्ये 'नव हुल्लोड' अशा त्यांच्या शिळाछापाच्या मालिका आल्या. साहेबी थाट करणारे बाबू, ढोंगी धर्ममार्तंड, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, जालियनवाला बागेनंतरचा पंजाब, कुणालाच त्यांनी सोडलेलं नाही.

गगनेंद्रनाथांची चित्रं आणखी एका कारणासाठी सोयीची आहेत. त्यांत काळ्या रंगाचे मोठे सपाट भाग असतात, त्यामुळे ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येतात. टेनियल दोन फुटांवरून वाचायचा असतो. भिंत जुळवताना हा फरक धरून चाला: लांबून बोलावणारं एक चित्र, आणि त्याच्या आसपास जवळ जाऊन वाचायची तीन-चार. सगळीच जवळून वाचायची असली तर लांबून भिंत करड्या चौकोनांची दिसते.

अलीकडच्या काळातलं चित्र निवडताना थोडा जास्त विचार करा. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये राज्यघटनेच्या संथ गतीवर एक चित्र काढलं: गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, मागे आसूड घेतलेले नेहरू. ते चित्र नंतर एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात आलं. २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि पाठ्यपुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. साठ वर्षांत चित्राची एकही रेघ बदलली नव्हती, बघणारे आणि त्यांचे अनुभव बदलले होते. तुमच्या घरी येणारा माणूस चित्र आपल्या जागेवरून वाचणार, आणि तसा त्याला हक्क आहे. ज्या चित्राबद्दल शांतपणे पाच मिनिटं बोलायची तयारी नसेल ते लावू नका.

दुसरी पायरी: हक्क

भारतात चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं चालतो. गिलरे १८१५ मध्ये गेला, टेनियल १९१४ मध्ये, गगनेंद्रनाथ १९३८ मध्ये, तिघेही मोकळे. ब्रिटिश वृत्तपत्रांत हिटलर-मुसोलिनीला सळो की पळो करणारा डेव्हिड लो १९६३ मध्ये वारला, म्हणून भारतात १ जानेवारी २०२४ पासून तो हक्कमुक्त आहे. ब्रिटन आणि युरोपात मुदत ७० वर्षांची, तेव्हा लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाला लोसाठी २०३४ उजाडेपर्यंत थांबावं लागेल.

आपले लाडके चित्रकार मात्र अजून बराच काळ हक्कात आहेत. शंकर १९८९ मध्ये गेले, अबू अब्राहम २००२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे २०१२ मध्ये, आर. के. लक्ष्मण २०१५ मध्ये. यांची चित्रं हवी असतील तर अधिकृत छापील प्रत घ्या, संग्रहाचं पुस्तक घ्या, किंवा ज्यात ते चित्र आलं तो मूळ अंकच मिळवा. १३ ऑगस्ट १९६० ला सुरू झालेल्या 'मार्मिक'चा जुना अंक, मे १९४८ ते ऑगस्ट १९७५ एवढंच आयुष्य लाभलेल्या 'शंकर्स वीकली'चा अंक किंवा आणीबाणीतलं वर्तमानपत्र तुमच्या मालकीचं असेल, तर तो कागद चौकटीत घालायला कुणाची परवानगी लागत नाही. स्कॅन करून प्रती काढणं, वाटणं, विकणं सुरू केलंत की गोष्ट वेगळी. मला विचाराल तर पिवळा पडलेला खरा अंक कुठल्याही चकचकीत प्रतीपेक्षा भिंतीवर जास्त शोभतो.

तिसरी पायरी: चांगली फाइल मिळवणं

गूगलच्या चित्रशोधातून थेट उतरवलेलं चित्र वापरू नका. ते बहुतेक वेळा हजारभर पिक्सेल रुंद असतं, म्हणजे पोस्टकार्डाएवढंच नीट छापलं जातं.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ब्रिटिश छापचित्रांचा मोठा संग्रह आहे. तिथे प्रत्येक चित्राच्या पानावर उतरवण्यासाठी वेगवेगळे आकार दिलेले असतात, त्यातला सगळ्यात मोठा 'टिफ' निवडा. 'पंच'चे जुने खंड जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाने पानोपान स्कॅन करून ठेवले आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर मधलं चित्र उतरवू नका, 'मूळ फाइल' या दुव्यावर जा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली हक्कमुक्त चित्रं २०१७ पासून कुठल्याही वापरासाठी खुली केली आहेत. ब्रिटिश म्युझियमकडे गिलरे भरपूर आहे, पण त्यांच्या छायाचित्रांना व्यापारी वापर चालत नाही. घरच्या भिंतीला त्याचा त्रास नाही. 'हिंदी पंच'चे संग्रह इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात.

फाइल किती मोठी लागते याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणून रुंदीच्या पिक्सेलना ३०० ने भागा, २.५४ ने गुणा, सेंटीमीटर मिळतात. ३,००० पिक्सेल रुंदीचं चित्र २५ सेंटीमीटर रुंद उत्तम छापलं जाईल. ए-४ ला साधारण २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात, ए-३ ला ३,५०८ बाय ४,९६१. अगदीच नाइलाज असेल तर ३०० च्या जागी २०० धरा. त्याखाली गेलात की तिरक्या रेषांना पायऱ्या पडतात, आणि व्यंगचित्र म्हणजे सगळ्या तिरक्या रेषाच.

दोन पानांवर पसरलेल्या चित्रांत एक अडचण येते. टेनियलचा सिंह-वाघ तसाच आहे. बांधलेल्या खंडातून स्कॅन केलं की मधला भाग शिवणीत जातो आणि वाघाच्या पाठीवर सावलीची पट्टी दिसते. असं चित्र सुट्या पानावरून किंवा मोकळ्या छापावरून घेतलेलं मिळतंय का ते आधी शोधा. संगणकावर शिवण बुजवता येते, पण गिळली गेलेली रेघ परत येत नाही.

चौथी पायरी: साफसफाई, जेवढ्यास तेवढी

जिंप हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. आधी चित्र सरळ करा, टेनियलच्या चौकटीची रेघ मार्गदर्शक धरून. मग कापा, पण खालची ओळ, तारीख आणि अंकाचं नाव ठेवा. बाजारातल्या तयार छापांत नेमकं तेच कापलेलं असतं आणि चित्र मुकं होतं.

कागदाच्या मागच्या बाजूचा मजकूर पुढे उमटलेला असेल तर 'लेव्हल्स'मध्ये पांढऱ्याचा बिंदू थोडा आत घ्या. तो पुसट होईल. काळ्याचा बिंदूही किंचित आत. तिथेच थांबा. कागद शुभ्र पांढरा करू नका, कारण बारीक रेषांचा करडेपणा त्याबरोबर उडून जातो. उलट टोकाला, चहाचे डाग आणि जळक्या कडा लावून खोटं जुनेपणही नको. चित्राचं वय तारखेवरून कळतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेने फाइल मोठी करून देणारी साधनं सध्या फुकट मिळतात. व्यंगचित्रावर ती वापरू नका. ती रेषा वाढवत नाहीत, नव्याने कल्पून काढतात. डिझरायलीचं नाक बदलून भलताच कुणी होतो आणि खालच्या अक्षरांच्या जागी अक्षरांसारखं काहीतरी येतं. लहान फाइल असेल तर चित्र लहानच छापा आणि माउंट, म्हणजे चित्र आणि चौकट यांच्यामधली पुठ्ठ्याची कड, रुंद घ्या. छोटं चित्र मोठ्या मोकळ्या कडेत लोकांना जवळ ओढतं.

पाचवी पायरी: छपाई

कॅनव्हास नको. कापडाची वीण आणि कोरलेल्या रेषा एकमेकींत अडकतात, चेहरा खरबरीत दिसतो. चकचकीत फोटो पेपरही नको. मॅट, जाडसर, किंचित दुधाळ कागद घ्या. डिजिटल छपाईच्या दुकानात २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) मॅट आर्ट कार्ड सहज मिळतो आणि काळ्या-पांढऱ्या चित्रांना तो पुरतो. गिलरे किंवा गगनेंद्रनाथ छापायचे असतील तर पैसे थोडे जास्त घालून कापसाच्या कागदावर पिगमेंट शाईने छापून घ्या. छायाचित्रकारांची कामं छापणाऱ्या जागी हे मिळतं. गगनेंद्रनाथांचा काळा रंग साध्या लेझर छपाईत चट्ट्यापट्ट्यांचा येतो, तिथे काटकसर करू नका.

पूर्ण छापण्याआधी प्रत्यक्ष आकारातला एक तुकडा छापून घ्या, ज्यात एक चेहरा आणि खालच्या मजकुराचा भाग दोन्ही येतील. तो तुकडा भिंतीवर चिकटपट्टीने लावा, दोन पावलं मागे या आणि वाचा. वाचता येत नसेल तर आकार वाढवा किंवा जागा बदला. दुकानदाराला 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' आणि 'शंभर टक्के आकारात छापा' ही दोन वाक्यं सांगायला विसरू नका.

मूळ जुना कागद हाती आला तर

जुन्या पुस्तकांच्या बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात 'पंच'ची सुटी पानं कधीमधी दिसतात. खरंखोटं ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. आजच्या ऑफसेट छपाईत रेषेच्या आत रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. लाकडावर कोरलेल्या किंवा तांब्यावर आम्लाने खोदलेल्या चित्राची रेघ अखंड, काळी आणि कडेला थोडी वेडीवाकडी असते. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबही कागदात उमटतो, बोटाला लागतो. गिलरेच्या बाबतीत कागद उलटून बघा. मागच्या बाजूलाही दुसरं चित्र छापलेलं असेल आणि रंग भरलेले नसतील, तर तो लंडनच्या बोन या प्रकाशकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मूळ पत्र्यांवरून काढलेला पुनर्छाप असण्याचा संभव मोठा. वाईट नाही, पण भाव गिलरेच्या हयातीतल्या रंगीत प्रतीचा देऊ नका.

असा कागद लॅमिनेट करायचा नाही, फेव्हिकॉल लावायचा नाही, सेलोटेप तर अजिबात नाही. टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, उजेडाने आणि स्वतःतल्या आम्लाने तो पिवळा आणि ठिसूळ होतच राहतो. फ्रेम त्याला थांबवत नाही, फक्त मंद करते. म्हणून अंक दुर्मीळ असेल तर त्याचा ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून ठेवा. वर्तमानपत्रातल्या ठिपक्यांच्या छपाईवर लाटांसारखी नक्षी येते, ती टाळायला स्कॅनरमधला 'डीस्क्रीन' पर्याय चालू करा. शक्य असेल तर प्रत भिंतीवर ठेवा, मूळ कपाटात.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक सूचना. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. सुटकेसमध्ये जुनं चित्र टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून खातरजमा करून घ्या.

सहावी पायरी: फ्रेमवाल्याशी बोलणं

फ्रेमवाला सहसा तुमच्यापुढे सोनेरी नक्षीची पट्टी आधी ठेवेल. नम्रपणे बाजूला सारा. रेषांच्या चित्राला दीड-दोन सेंटीमीटर रुंदीची सपाट काळी किंवा सागवानी रंगाची पट्टी बास. माउंट किंचित पिवळसर पांढऱ्या रंगाचा, चारी बाजूंनी सहा ते आठ सेंटीमीटर, खालची बाजू एखादा सेंटीमीटर जास्त. माउंटमध्ये चित्रासाठी खिडकी कापताना खालची ओळ आणि तारीख झाकली जाणार नाहीत हे पेन्सिलीने खूण करून दाखवा. न सांगितल्यास बहुतेक जण चित्राच्या चौकटीला घट्ट माउंट कापतात आणि मजकूर आत जातो.

मूळ कागदासाठी आम्लमुक्त माउंट बोर्ड मागा. साध्या बोर्डाची तिरपी कापलेली कड काही वर्षांत पिवळी-तपकिरी होते आणि कागदावरही तशीच रेघ उमटवते. मागच्या हार्डबोर्डच्या आणि चित्राच्या मध्ये आम्लमुक्त कागदाचा एक थर घाला. चित्र सगळ्या बाजूंनी चिकटवू द्यायचं नाही. फक्त वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला खाली सरकायला जागा नसेल तर लाटा येतात. कागद काचेला टेकलेला नको, माउंटमुळे मध्ये फट राहते ती त्यासाठीच. ताज्या डिजिटल छापासाठी एवढं सोवळं पाळायची गरज नाही.

साधी दोन मिलिमीटरची काच चालते. बाजारातली धुरकट 'नॉन-ग्लेअर' काच मात्र बारीक रेषा पुसट करते, विशेषतः माउंटची फट असताना. चमक त्रास देत असेल तर चित्र खिडकीच्या समोरच्या भिंतीवरून हलवा, त्याला काही खर्च येत नाही. मोठ्या चौकटीला ॲक्रिलिक हलकं पडतं, पण कोरड्या कापडाने पुसलं की धूळ ओढतं आणि ओरखडे घेतं.

मागची बाजू तपकिरी कागदी टेपने बंद करून घ्या. कसर त्याच फटीतून आत शिरते. फ्रेममध्ये डांबरगोळी ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

सातवी पायरी: जागा

आपल्या घरांत सर्वांत चांगली जागा म्हणजे पॅसेज. मुंबईच्या फ्लॅटमधला तीन फुटी बोळ एरवी कशाच्याच कामाचा नसतो, पण तिथे माणूस आपोआप भिंतीपासून दोन फुटांवर उभा असतो. ऊनही येत नाही. जिन्याची भिंत, जेवणाच्या टेबलाशेजारची भिंत, चपलांच्या कपाटावरची जागा, जिथे लोक बुटाची नाडी सोडत रेंगाळतात, याही चांगल्या. सोफ्यावर लावायचंच असेल तर गगनेंद्रनाथ लावा.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर ठेवा. संग्रहालयंही याच आसपास टांगतात. आपल्याकडे जुन्या घरांत तसबिरी छताजवळ, पुढे कललेल्या असायच्या. देव आणि पूर्वज यांच्याकडे मान वर करून बघायचं, ही त्यामागची रीत. व्यंगचित्राला ती उंची द्यायची नाही. हार घातलेल्या फोटोच्या आणि देवघराच्या भिंतीवर तर त्याला जागाच देऊ नका, खास करून फोटोतल्या आजोबांचा आदर्श नेता चित्रात नाक लांब करून बसला असेल तर.

न्हाणीघराला लागून असलेली भिंत, पश्चिमेची पावसाचा मारा खाणारी भिंत आणि स्वयंपाकघरातला शेगडीचा भाग सोडा. मूळ कागद असेल तर सरळ ऊन पडणारी भिंतही सोडा.

टांगण्याआधी प्रत्येक फ्रेमच्या आकाराचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून भिंतीवर चिकटवून बघा. दोन चौकटींत पाच ते सात सेंटीमीटर अंतर ठेवा. कालक्रमाने डावीकडून उजवीकडे लावली की १७९१ ते १९२१ अशी गोष्ट चालत जाते, आणि टिपू-गिलरेनंतर १८५७ चा सूड, मग मुकुटाची अदलाबदल, मग मुंबईचा 'हिंदी पंच' आणि कलकत्त्याचे गगनेंद्रनाथ असं वाचता येतं. सगळ्या चौकटी एकसारख्या असायची गरज नाही, पण माउंटचा रंग एकच ठेवा.

विटांच्या भिंतीला सहा मिलिमीटरचं भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू. काँक्रीटच्या खांबात साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं. आवाजावरून आणि भुकटीच्या रंगावरून पाच सेकंदांत कळतं, विटेची भुकटी तांबडी येते. प्रत्येक चौकटीला एकाऐवजी दोन स्क्रू द्या, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने आणि झाडलोटीने ती वाकडी होत नाही. भाड्याच्या घरात चिकटपट्ट्यांचे हुक डिस्टेंपरसकट सोलून निघतात आणि डिपॉझिट जातं. तिथे भिंतीला एकच लांब अरुंद फळी मारून चौकटी तिच्यावर टेकवून ठेवा. दोन-तीन भोकांत काम होतं आणि चित्रं हवी तेव्हा बदलता येतात.

आठवी पायरी: शेजारचं टिपण

हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग पाच वर्षांनी घरातल्यांनाच चित्र काय आहे ते आठवत नाही. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं कार्ड, माउंटच्याच रंगाचं, चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशेजारी. मराठीत, चार ओळी: चित्रकार आणि नियतकालिक, तारीख, चित्रात कोण कोण आहे, आणि तेव्हा काय घडत होतं. पाचवी ओळ लिहू नका. उदाहरणार्थ:

'जॉन टेनियल, पंच, लंडन, १५ एप्रिल १८७६. पगडीवाला फेरीवाला म्हणजे पंतप्रधान डिझरायली, समोर राणी व्हिक्टोरिया. जुना मुकुट द्या, नवा घ्या, असा सौदा. त्याच वर्षी राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी मिळाली.'

१८५७ च्या चित्राच्या कार्डावर मत लिहू नका, बाजू लिहा: हे चित्र इंग्रज वाचकांसाठी, सूडाच्या मागणीच्या काळात काढलेलं आहे. एवढ्याने पुरतं. अक्षर किमान १४ पॉइंट ठेवा, घरात चाळिशी लागलेले असतातच. फाइल कुठून घेतली, कागद आणि शाई कुठली, छापल्याचं वर्ष हे सगळं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात घाला आणि पाकीट फ्रेमच्या मागे चिकटवा.

पावसाळा

चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर मागे बुचाच्या किंवा नमद्याच्या चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. मुंबई, कोकण आणि गोव्यात ही गोष्ट ऐच्छिक नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. बुरशीचा वास, काळे ठिपके किंवा टेपला भोकं दिसली तर चौकट कोरड्या खोलीत नेऊन उघडा. डिजिटल छाप खराब झाला तर टाकून नवा छापा, फाइल तुमच्याकडे आहेच. मूळ कागदावर बुरशी असेल तर ती पुसायला जाऊ नका, कोरड्या कागदात सैल गुंडाळून कागद-संवर्धकाकडे न्या. काच पुसताना पाणी काचेवर फवारू नका, कापडावर घ्या. फवारलेलं पाणी खालच्या पट्टीतून आत उतरतं आणि नेमकी तारखेची ओळ भिजते.